लॅपटॉप कंपनीचा, नियम कंपनीचे, वैताग कर्मचाऱ्याचा: आयटीतले लोक नेमके कशावर चिडलेत?

भंडारा शहरातून वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा लागतं. पावसाळ्यात या गावाचं नाव बातम्यांत हमखास येतं, कारण वैनगंगेची पाणीपातळी इथे मोजली जाते. 245.50 मीटर ही इथली धोक्याची पातळी. पाणी तिच्या जवळ पोहोचलं की नदीकाठच्या लोकांना सावध केलं जातं.

आता समजा, याच कारध्यातल्या एका घरातून एक मुलगी पुण्याच्या आयटी कंपनीचं काम करतेय. सोमवार, सकाळचे नऊ. लॅपटॉप उघडला तर पासवर्डची मुदत संपलेली. नवा पासवर्ड ठेवायला आधी व्हीपीएन जोडावं लागतं आणि व्हीपीएन जोडायला चालू पासवर्ड लागतो. हेल्पडेस्कला फोन केला. तिकीट नंबर मिळाला आणि उत्तर आलं, 'चार तासांत संपर्क करू.' तेवढ्यात मोबाईलवर मॅनेजरचा मेसेज, 'ऑनलाइन दिसत नाहीयेस. सगळं ठीक?'

प्रसंग काल्पनिक आहे, पण आयटीतल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. पगार चांगला, एसी ऑफिस, घरून काम. मग हे लोक एवढे वैतागलेले का असतात? कंपन्यांचे सुरक्षेचे नियम खरंच गरजेचे आहेत की उगाचच त्रास? आणि लॅपटॉपवर कंपनी नेमकं काय काय बघू शकते?

एकेक करून समजून घेऊ.

एवढे कडक नियम आले कुठून?

यातला एक धडा पुण्यातच मिळाला होता.

एप्रिल 2005. एम्फसिस कंपनीच्या पुण्यातल्या बीपीओमधून सिटीबँकेच्या अमेरिकेतल्या ग्राहकांना सेवा दिली जायची. तिथल्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांशी गोड बोलून त्यांचे पिन नंबर मिळवले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यात उघडलेल्या खात्यांमध्ये वळवले. ग्राहकांनी तक्रार केल्यावर प्रकरण उघड झालं आणि पुणे पोलिसांनी आरोपींना अटक केली.

यात कुणी कॉम्प्युटर हॅक केला नव्हता. आत-बाहेर जाताना तपासणी व्हायची, कागदावर काही लिहून नेता येत नव्हतं. त्यामुळे आरोपींनी आकडे पाठ करून बाहेर नेले असावेत, असं तेव्हा सांगितलं गेलं.

भारतात काम पाठवणाऱ्या परदेशी कंपन्यांसाठी ही धोक्याची घंटा होती. पुढच्याच वर्षी, म्हणजे जानेवारी 2006 मध्ये, आयटी उद्योगांची संघटना नॅसकॉमच्या पुढाकाराने 'नॅशनल स्किल्स रजिस्ट्री' सुरू झाली. आयटी आणि बीपीओतल्या कर्मचाऱ्यांची ओळख आणि आधीच्या नोकऱ्यांची माहिती पडताळून एका ठिकाणी ठेवायची, अशी ही व्यवस्था. 2008 मध्ये नॅसकॉमनेच डेटा सुरक्षेसाठी वेगळी परिषद स्थापन केली. फ्लोअरवर मोबाईल नाही, कागद-पेन नाही, पेन ड्राइव्ह चालणार नाही, असे नियम ग्राहक कंपन्या थेट करारातच लिहून घेऊ लागल्या.

दुसरा धडाही पुण्यातलाच. 11 ऑगस्ट 2018 रोजी कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत घुसखोरी करून 28 देशांतल्या एटीएममधून सुमारे 78 कोटी रुपये काढले गेले. भारतातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी गेले. 13 ऑगस्टला 13.92 कोटी रुपये हाँगकाँगच्या खात्यात पाठवले गेले. एकूण फटका 94.42 कोटींचा. ही बँक 1906 ची. शंभर वर्षांहून जुन्या संस्थेच्या तिजोरीत कुणी न शिरता तीन दिवसांत एवढे पैसे गेले.

तिसरं कारण सरकारी आहे. 28 एप्रिल 2022 रोजी केंद्राच्या 'सर्ट-इन' या संस्थेने निर्देश काढले. सायबर हल्ला लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायचं आणि यंत्रणेतल्या नोंदी, म्हणजे लॉग, 180 दिवस जपून ठेवायचे. म्हणजे कोणत्या मशीनवरून कुणी, कधी लॉगिन केलं याची नोंद ठेवणं ही फक्त कंपनीची हौस नाही.

थोडक्यात, धोका खरा आहे आणि नियमही लागतात. हे मान्य करूनच पुढे जाऊ, कारण चिडलेले बहुतेक कर्मचारीही हे मान्य करतात.

मग वैताग नेमका कशाचा?

वैताग नियम असण्याचा कमी आणि तो ज्या पद्धतीने लादला जातो त्याचा जास्त आहे.

सगळ्यात सोपं उदाहरण पासवर्डचं. दर 60 किंवा 90 दिवसांनी बदला, एक कॅपिटल अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, मागचे दहा पासवर्ड चालणार नाहीत. हा नियम इतका रुळलाय की तो शास्त्रीयच असेल असं वाटतं.

त्याचं मूळ 2003 मधल्या एका सरकारी मार्गदर्शिकेत सापडतं. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक ठरवणाऱ्या संस्थेसाठी बिल बर यांनी ती लिहिली होती. 2017 मध्ये, निवृत्त झाल्यानंतर, त्यांनी वॉल स्ट्रीट जर्नलशी बोलताना आपल्या त्या शिफारशींबद्दल खेद व्यक्त केला. त्याच वर्षी एनआयएसटीने भूमिका बदलली. पासवर्ड फुटल्याचा संशय नसेल तर ठरावीक मुदतीने तो बदलायला लावू नका, चिन्हा-आकड्यांची सक्तीही नको, त्यापेक्षा लांब पासवर्ड ठेवू द्या. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजसाठीच्या आपल्या शिफारशींतून मुदतीचा नियम काढून टाकला.

कारण माणसाचा स्वभाव. दर दोन महिन्यांनी नवा पासवर्ड मागितला की लोक 'Bhandara@1' च्या जागी 'Bhandara@2' करतात. नाहीतर चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवतात. पासवर्ड बदलतो, पण सुरक्षा वाढत नाही.

तरीही अनेक ऑफिसांत जुना नियम चालूच आहे. कधी ग्राहक कंपनीच्या करारात तो लिहिलेला असतो, कधी ऑडिटच्या यादीत असतो, तर कधी बदलायची जबाबदारी कुणालाच घ्यायची नसते.

दुसरा वैताग परवानग्यांचा. डेव्हलपरला आपल्याच लॅपटॉपवर एक छोटं सॉफ्टवेअर टाकायचं असेल तर ॲडमिन अधिकार नसतात. मग तिकीट टाका, मॅनेजरची मंजुरी, सुरक्षा विभागाची मंजुरी, आणि दोन दिवसांनी तिकीट 'माहिती अपुरी' म्हणून बंद. काम मात्र त्याच दिवशी द्यायचं असतं. उशिराचा हिशोब कर्मचाऱ्याच्या नावावर लागतो, तिकीट अडवणाऱ्याच्या नाही.

तिसरा वैताग म्हणजे मशीनवर आपला काहीच ताबा नसणं. 19 जुलै 2024 हा दिवस आठवतो? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे 85 लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. भारतात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. हल्ल्यापासून वाचवायला बसवलेलं सॉफ्टवेअरच त्या दिवशी काम थांबवून बसलं. अनेक लॅपटॉप सुरू करायला लागणारी रिकव्हरी की आयटी विभागाकडे होती, कर्मचाऱ्याकडे नाही. ऑफिसातला माणूस निदान उठून आयटीच्या टेबलाशी जाऊ शकतो. कारध्यासारख्या गावातून काम करणाऱ्याला फोन लागेपर्यंत थांबण्याशिवाय पर्याय नसतो.

जुगाड केला की काय होतं?

नियम कामाच्या आड आला की माणूस वाट शोधतो. फाइल मोठी आहे, कंपनीच्या मेलमधून जात नाही, मग स्वतःच्या जीमेलवर. शेअर फोल्डरचा अधिकार मिळत नाही, मग सहकाऱ्याचा पासवर्ड. ऑफिसचं चॅट मोबाईलवर चालत नाही, मग टीमचा व्हॉट्सॲप ग्रुप. यातल्या बहुतेकांना कंपनीचं नुकसान करायचं नसतं. त्यांना काम वेळेत संपवायचं असतं.

पण धोका तिथूनच शिरतो. 2023 मध्ये सॅमसंगच्या काही कर्मचाऱ्यांनी कामात मदत व्हावी म्हणून कंपनीचा अंतर्गत कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं समोर आलं. त्यानंतर कंपनीने कर्मचाऱ्यांना अशी एआय साधनं वापरायला बंदी केली.

म्हणजे चक्र असं फिरतं: नियम कडक होतो, लोक पळवाट काढतात, पळवाट पकडली जाते, नियम आणखी कडक होतो. लोकांना ही पळवाट का लागली, हा प्रश्न मधल्या मध्ये राहून जातो.

विश्वासाचा भागही यात आहे. बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्यांना मुद्दाम खोटे फसवे मेल पाठवून परीक्षा घेतात. कल्पना चांगली आहे. पण डिसेंबर 2020 मध्ये, कोरोनाच्या काळात, गोडॅडी या अमेरिकन कंपनीने कर्मचाऱ्यांना 650 डॉलर बोनस मिळणार असल्याचा मेल पाठवला. सुमारे 500 जणांनी लिंकवर क्लिक केलं. नंतर कळलं, बोनस नव्हताच, ती परीक्षा होती. नापास झालेल्यांना पुन्हा प्रशिक्षण घ्यायला सांगितलं गेलं. टीका झाल्यावर कंपनीने माफी मागितली.

अशा अनुभवानंतर कर्मचारी चुकून खऱ्या फसव्या लिंकवर क्लिक झालं तर पटकन सांगेल की लपवेल? हल्ला झाला तर 6 तासांत कळवायचं असताना पहिला तास कर्मचाऱ्याच्या भीतीत गेला तर नुकसान कंपनीचंच आहे.

हिरव्या ठिपक्याची भीती

चॅट ॲपमध्ये नावाजवळ हिरवा ठिपका दिसला की माणूस कामावर. काही मिनिटं माउस हलला नाही की ठिपका पिवळा.

मुळात हा ठिपका 'आता मेसेज केला तर उत्तर मिळेल का' एवढंच सांगायला होता. घरून काम सुरू झालं आणि काही मॅनेजरांसाठी तीच हजेरी झाली. त्यावर उपाय म्हणून बाजारात माउस आपोआप हलवत ठेवणारी यंत्रं आली. 2024 मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण केल्याच्या कारणावरून डझनाहून अधिक कर्मचाऱ्यांना काढलं.

विचार करून पाहा. अर्धा तास वहीवर आकृती काढत एखादी अवघड चूक शोधणारा इंजिनियर ठिपक्याच्या हिशोबात गैरहजर असतो आणि यंत्र लावून झोपलेला माणूस हजर.

2020 मध्ये मायक्रोसॉफ्टने 'प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर' नावाची सोय आणली होती. कोण किती मेल करतं, किती चॅट करतं, हे व्यवस्थापकांना नावानिशी दिसू शकत होतं. गोपनीयतेच्या मुद्द्यावर ओरड झाल्यावर काही दिवसांतच कंपनीने त्यातून व्यक्तींची नावं काढली.

कंपन्यांचीही एक बाजू आहे. सप्टेंबर 2022 मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी सांगितलं की, एकाच वेळी प्रतिस्पर्धी कंपनीसाठीही काम करणारे 300 कर्मचारी सापडले आणि त्यांना काढण्यात आलं. 'मूनलायटिंग' हा शब्द तेव्हा घराघरांत पोहोचला. ग्राहकाची गोपनीय माहिती एका लॅपटॉपवर आणि त्याच्या स्पर्धकाचं काम दुसऱ्यावर, ही कंपनीसाठी खरी अडचण आहे.

पण 300 जणांमुळे सगळ्यांवरच संशय ठेवायचा का, हा प्रश्न तरीही उरतोच.

ऑफिसचं वातावरण: तास, बेंच आणि भीती

ऑक्टोबर 2023 मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं असं म्हटलं. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं 90 तासांचं वक्तव्य गाजलं. सोशल मीडियावर मीम्सचा पाऊस पडला, पण त्यामागे एक गंभीर प्रकरणही होतं.

जुलै 2024 मध्ये अर्न्स्ट अँड यंगच्या पुण्यातल्या ऑफिसात काम करणाऱ्या 26 वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला. नोकरी लागून चारच महिने झाले होते. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये सगळीकडे पसरलं. कामाच्या प्रचंड ताणाचा आरोप त्यात होता. कंपनीने हा आरोप मान्य केला नाही. पण त्यानंतर राज्याच्या कामगार विभागाने तपासणी केली, तेव्हा हे ऑफिस 2007 पासून दुकाने व आस्थापना कायद्याखालच्या नोंदणीशिवाय चालत असल्याचं अधिकाऱ्यांनी सांगितलं. कंपनीने फेब्रुवारी 2024 मध्ये नोंदणीसाठी अर्ज केला होता, तो उशिराच्या कारणावरून फेटाळला गेला होता.

ही कंपनी सॉफ्टवेअरची नाही, पण प्रकरण आयटीवाल्यांना जवळचं वाटलं. तिथे कोण किती वाजता काय उघडतं याची सेकंदाची नोंद असते. त्याच माणसाने या आठवड्यात किती तास काम केलं, हे विचारणारं मात्र अनेकदा कुणी नसतं.

दुसरी भीती 'बेंच'ची. एक प्रोजेक्ट संपून दुसरा मिळेपर्यंतच्या काळाला आयटीत बेंच म्हणतात. पूर्वी हा थोडा उसंतीचा काळ असायचा. जून 2025 पासून टीसीएसने नियम केला की वर्षाला किमान 225 दिवस ग्राहकाच्या बिलावर असलं पाहिजे, म्हणजे बेंचसाठी जास्तीत जास्त 35 दिवस. पुढच्याच महिन्यात कंपनीने सुमारे 2 टक्के, म्हणजे 12 हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं. पुण्यातून काम करणाऱ्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली.

अशा वातावरणात 'हा नियम चुकीचा आहे' असं मीटिंगमध्ये कोण बोलणार? अडचण सांगणं म्हणजे डोळ्यांवर येणं, असं वाटलं की लोक गप्प बसतात आणि जुगाड करतात. सुरक्षा आणि ऑफिसचं वातावरण हे दोन वेगळे विषय वाटतात, पण इथे ते एकमेकांत अडकलेले आहेत.

सुरक्षा फक्त डेटाची नसते

नोव्हेंबर 2007 मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या 22 वर्षांच्या बीपीओ कर्मचारी तरुणीवर कंपनीने ठरवलेल्या कॅबच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने अत्याचार करून तिचा खून केला. ऑक्टोबर 2009 मध्ये खराडीतून घरी निघालेल्या सॉफ्टवेअर इंजिनियर महिलेचाही असाच बळी गेला. जानेवारी 2017 मध्ये हिंजवडीत एका तरुण इंजिनियर महिलेचा खून ऑफिसच्या इमारतीतच झाला आणि आरोपी होता तिथला सुरक्षारक्षक.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला तिच्या संमतीनेच काम देता येतं. तिच्या सुरक्षेची आणि घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय करणं ही मालकाची जबाबदारी आहे. त्यामुळे कॅबमधला सुरक्षारक्षक किंवा 'घरी पोहोचलात का' हा फोन रात्री कंटाळवाणा वाटला, तरी त्यावर कुणी फारसं चिडत नाही. कारण तो कशासाठी आहे हे सगळ्यांना माहीत असतं.

कायदा कर्मचाऱ्याला काय देतो?

*कामाचे तास.* 2017 च्या राज्य कायद्यात मुळात दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा ठरवली होती. जादा कामाला दुप्पट दराने पैसे आणि तीन महिन्यांत जास्तीत जास्त 125 तास ओव्हरटाइम, अशी ती तरतूद होती. 3 सप्टेंबर 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने 20 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठी दिवसाची मर्यादा 10 तास आणि ओव्हरटाइमची 144 तास करायला मान्यता दिली. व्यवस्थापकीय पदांवरच्या लोकांना ही मर्यादा लागू होत नाही. त्यामुळे हुद्द्यात 'मॅनेजर' शब्द असणं आणि प्रत्यक्ष काम काय आहे, यावरून वाद होतात.

*आयटी इंजिनियर 'कामगार' असतो का?* हुद्द्यापेक्षा काम काय आहे ते पाहिलं जातं. चेन्नईच्या कामगार न्यायालयाने 2022 मध्ये, टीसीएसने 2015 मध्ये काढलेल्या एका कर्मचाऱ्याला कामगार मानून परत घेण्याचा आदेश दिला होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यानुसार सगळ्यांना नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे आणि 20 किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती हवी. त्यात मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समान असले पाहिजेत.

*लॅपटॉपवरची नजर.* 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने गोपनीयता हा मूलभूत अधिकार मानला. पण 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी मोठी सवलत आहे. हेरगिरी रोखणं, गुपितं जपणं किंवा कंपनीचं नुकसान टाळणं यासाठी कर्मचाऱ्याचा डेटा वापरायला त्याची वेगळी संमती लागत नाही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

*ऑफिसनंतरचा फोन.* खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये आणि पुन्हा डिसेंबर 2025 मध्ये लोकसभेत 'राइट टू डिस्कनेक्ट'चं खासगी विधेयक मांडलं. कामाच्या वेळेनंतर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क, ही त्याची मूळ कल्पना. फ्रान्समध्ये असा कायदा 2017 पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट 2024 पासून आहे. भारतात अजून नाही.

कर्मचाऱ्याने काय करावं?

- कंपनीच्या लॅपटॉपवर बँकेचे कागद, घरचे फोटो, डॉक्टरांचे रिपोर्ट, दुसऱ्या नोकरीसाठीचे अर्ज ठेवू नका. ते मशीन तुमचं नाही.
- रुजू होताना सही केलेलं आयटी वापराचं धोरण एकदा नीट वाचा. काय नोंदवलं जातं हे बहुतेक वेळा त्यातच लिहिलेलं असतं.
- नियम कामाच्या आड येत असेल तर पळवाट न काढता मेलवर अपवाद मागा. 'या तिकिटामुळे काम दोन दिवस थांबलं आहे' हे लेखी असलं की उशिराचं खापर तुमच्यावर फुटत नाही.
- चुकून फसव्या लिंकवर क्लिक झालं तर लगेच कळवा. लपवलेली चूक जास्त महागात पडते.
- कामाच्या तासांची स्वतःची नोंद ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर तोंडी सांगण्यापेक्षा तारीखवार नोंद उपयोगी पडते.

आणि कंपनीने?

जुलै 2025 मध्ये इन्फोसिसची एक गोष्ट बातम्यांत आली. घरून काम करताना रोजची सरासरी 9 तास 15 मिनिटांच्या वर गेली, तर कर्मचाऱ्याला मेल जातो. मधे मधे थांबा, कामं वाटून द्या, मॅनेजरशी बोला, असा त्याचा सूर. ज्यांच्या सहसंस्थापकांनी 70 तासांची गोष्ट केली, त्याच कंपनीत हे होतंय याची गंमत लोकांनी केलीच. पण मुद्दा महत्त्वाचा आहे. लॉगिनच्या ज्या नोंदींतून कामचुकार शोधता येतो, त्यातूनच दमलेला माणूसही शोधता येतो. कंपनीला त्यात काय शोधायचंय, एवढाच फरक.

कारध्याला वैनगंगेचं पाणी मोजलं जातं तेव्हा तो आकडा सगळ्यांना कळतो. धोक्याची पातळी कितीला आहे हे आधीच ठरलेलं असतं. आणि आकडा वर गेला की काठावरच्या माणसाला वाचवायचं असतं, त्याला जाब विचारायचा नसतो. ऑगस्ट 2020 च्या शेवटी वैनगंगेला मोठा पूर आला, तेव्हा भंडारा जिल्ह्याने या मोजमापाची किंमत अनुभवली आहे.

ऑफिसातल्या मोजमापाबद्दल कर्मचाऱ्यांचं मागणं याहून फार वेगळं नाही. काय मोजताय ते सांगा, कशासाठी ते सांगा, मर्यादा आधी ठरवा आणि नियम करताना तो रोज वापरणाऱ्याला एकदा विचारा. पासवर्डचा नियम चुकला हे मान्य करायला जगाला 14 वर्षं लागली. हेल्पडेस्कच्या रांगेत थांबलेल्या माणसाला ते पहिल्या महिन्यातच कळलं होतं, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

तुमच्या ऑफिसात असा एखादा नियम आहे का, जो का आहे हे कुणालाच माहीत नाही? कमेंटमध्ये जरूर सांगा. कंपनीचं नाव न लिहिता सांगितलंत तरी चालेल. आणि हो, कमेंट शक्यतो ऑफिसच्या लॅपटॉपवरून करू नका.